बेशुद्धीचे पंधरा गुण

पूर्णा तालुक्यात मोटारसायकलवरून पडून कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, की पेशंटला नांदेडला नाहीतर परभणीला हलवतात. तिथे अतिदक्षता विभागात सिस्टर वाकून विचारतात, "काका, नाव काय तुमचं? माझा हात दाबा बघू." ही नुसती विचारपूस नसते, गुण मोजणं चाललेलं असतं.

या पद्धतीचं नाव ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५, आणि कमीत कमी ३. आकडा ८ किंवा त्याखाली गेला, तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा विचार तातडीने होतो.

मला मात्र एका आकड्यापेक्षा तासातासाची नोंद मोलाची वाटते. रात्री दहाला १४ वर असलेला पेशंट बाराला ११ वर आला, तर डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवायलाच हवं. म्हणून "झोपू द्या हो त्यांना" असं म्हणत सिस्टरांना अडवू नका.

हे गुण कधी फसवतातही. मण्यार साप चावला, तर त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, गुण ३ पर्यंत घसरतात. पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी रडारड करू नका, त्याच्याशी बोला. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, तर असे पेशंट बरे होऊन स्वतःच्या पायांनी घरी जातात.