गाडी भाड्याची, जबाबदारी सगळ्यांची



सुगी आटोपली, दिवाळी झाली, की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. पूर्वी एसटी नाहीतर ओळखीचा जीपवाला, एवढंच होतं. आता बऱ्याच गटांत एकदोघी तरी चारचाकी चालवायला शिकल्यात. म्हणून हल्ली विचारणा होते, "ताई, आपणच गाडी भाड्यानं घेऊन गोव्याला गेलो तर?" जरूर जा. आपली बाई गाडी चालवत असली की हवं तिथं थांबता येतं, मुतारीला जायचं म्हणून कुणापुढं संकोचायला नको, देवदर्शनाला घाईही नको. पण गाडी निवडताना रंग आणि भाडं यापलीकडं काय बघायचं, ते आज सांगते.

सगळ्यात आधी नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्यानं मिळणारी. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली, की ती गाडी आपण स्वतः चालवायला भाड्यानं घेऊ शकतो. गोव्यात अशा काळ्या पाटीच्या गाड्या जागोजागी दिसतात. गावातला कुणी म्हणेल, "माझी पांढऱ्या पाटीची गाडी न्या, निम्म्या भाड्यात देतो." नको म्हणा. खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे. वाटेत पोलिसांनी अडवलं तर सहल तिथंच संपते. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचे पैसे नाकारू शकते. वाचवलेले हजार-दोन हजार मग लाखाला पडतात.

दुसरं, गाडी चालवणारणीला बरोबर घेऊन गाडी बघायला जा. ज्या गेअरच्या गाडीवर ती शिकली, तशीच गाडी घ्या. नव्या पद्धतीची गाडी पहिल्यांदा घाटात चालवून बघायची नसते. तिला सीटवर बसवा. आपल्यापैकी कितीतरी जणी पाच फुटांच्या आतल्या. क्लच तळापर्यंत दाबता येतो का? सीट वर उचलता येते का? बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का? मालकाला शेजारी बसवून तिला एक चक्कर मारू द्या. तिला अवघड वाटली, तर गाडी कितीही देखणी असो, दुसरी बघा. आणि पक्कं लायसन्स हवं, शिकाऊ लायसन्सवर भाड्याची गाडी मिळत नाही.

तिसरं, माणसं मोजा, मग पिशव्या मोजा. पाच सीटच्या गाडीत चालवणारीसकट पाचच जणी. "बसू की दाटीवाटीनं" हे घाटात चालत नाही, आणि दंडही होतो. सहा जणी असाल तर सात सीटची गाडी लागेल. पण तिची मागची ओळ उघडली की डिकीत जेमतेम दोन-तीन पिशव्या मावतात. सीएनजीची गाडी असेल तर डिकीतली बरीच जागा टाकीच अडवते. पाचच जणी असाल तर छोटी गाडी बरी. मंगेशी, कवळे किंवा तारकर्लीकडचे आतले रस्ते अरुंद आहेत. समोरून बस आली की छोट्या गाडीला बाजू देणं सोपं जातं.

आपल्या कोल्हापूरकडून जायचं तर घाट उतरावा लागतो. घाटाची धास्ती असेल तर एसटीनं सावंतवाडीपर्यंत जा, तिथून कोकण रेल्वेनं थिवी किंवा मडगावला उतरा आणि गाडी गोव्यातच घ्या. गाडी इथूनच नेणार असाल, तर गोव्यात चालवायचा परवाना आणि कर भरलेला आहे का, ते विचारून करारात लिहून घ्या.

आता भाड्याचा हिशेब. समजा, एक जण रोजचे १,८०० रुपये सांगतो, पण रोज २०० किलोमीटरच, पुढं किलोमीटरला १० रुपये. दुसरा २,३०० सांगतो, किलोमीटरची मर्यादा नाही. तीन दिवसांत ८०० किलोमीटर फिरलात, तर पहिल्याचे ५,४०० अधिक जादा २०० किलोमीटरचे २,००० मिळून ७,४०० होतात. दुसऱ्याचे होतात ६,९००. स्वस्त वाटली ती महाग पडली! म्हणून आधी वहीत किलोमीटर मांडा. पेट्रोल, टोल आणि फास्टॅगचे पैसे कुणाचे, परत द्यायला उशीर झाला तर किती, हेही विचारा.

ताब्यात घेण्याआधी आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना बघा. मूळ कागद किंवा डिजिलॉकरमधली प्रत चालते, कागदाचं नुसतं छायाचित्र चालत नाही. विम्याची तारीख वाचा. टायरच्या खाचांमध्ये रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर ती गाडी नको. स्टेपनीत हवा आहे का, जॅक-पाना आहे का, ब्रेक, दिवे, वायपर, सगळ्या सीटचे पट्टे चालतात का, ते बघा. मागं बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच आहे.

मग मालकासमोरच गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. जुने ओरखडे, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, सगळं त्यात येऊ द्या आणि तो तिथंच मालकाला पाठवा. परत देतानाही तसंच करा. डिपॉझिटवरून होणारे बरेचसे वाद यानं टळतात. गाडी घेतल्याची आणि दिल्याची वेळ लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या वेळेचं चलन तुमच्या गळ्यात पडणार नाही. आधारकार्डाची मूळ प्रत गहाण ठेवू नका. शेवटचे चारच आकडे दिसतात असं आधार मिळतं, त्याची झेरॉक्स द्या.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. करारावर सही एकीची असते. गाडी घासली तर डिपॉझिट तिचं कापलं जातं, बोल तिला लागतो, घरी ऐकून घेते तीच. मग पुढच्या वर्षी ती चावी हातात घेत नाही, आणि गटात मन दुखतं ते वेगळंच. म्हणून निघण्याआधी बैठकीत ठराव करा: डिपॉझिट सगळ्यांनी मिळून भरायचं, नुकसान झालं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं. इतिवृत्तात लिहा, सह्या करा. आणि करारात जिचं नाव आहे तिनंच गाडी चालवायची. दोघी चालवणार असाल तर दोघींची नावं घाला. "जरा मला दे ना चालवायला" असं कुणी म्हणू नये. नाव नसलेल्या बाईच्या हातून अपघात झाला तर सही करणारी अडकते.

एकटीनंच चालवायचंय आणि पल्ला लांबचा आहे, तर पिवळ्या पाटीची ड्रायव्हरसह गाडी करा. त्यात कमीपणा नाही. पण तुमची चालवणारी तयार असेल, तर गाडी तिच्या मापाची निवडा आणि तिच्या पाठीशी उभ्या राहा.

सहल सुखाची होवो.