पशुवैद्यकाची पदवी आणि गोठ्याची वाट



गेल्या महिन्यात आमच्या आळीतील एक तरुण मला भेटावयास आला होता. महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून तो नुकताच पदवी घेऊन बाहेर पडला आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा; त्यातील अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्याने विचारले, "काका, आता नोकरी कोठे पाहू?" त्याला जे सांगितले तेच आज आपणांस जरा विस्ताराने सांगणार आहे.

पहिली गोष्ट नोंदणीची. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे परिषदेकडे नाव नोंदविल्यावाचून पदवीधरासही स्वतंत्रपणे चिकित्सा करता येत नाही. तेव्हा पदवी हाती पडताच हे काम उरकावे. नोकऱ्यांचे म्हणाल तर सरकारी पशुचिकित्सालये आहेत. मध्य प्रदेशात त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, पण जाहिरात दरवर्षी निघतेच असे नाही. १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला असता दारी येणाऱ्या फिरत्या चिकित्सालयांतून करारावर काम मिळते. दूध संघ, कुक्कुटपालन, औषधांच्या कंपन्या, सैन्यातील रिमाउंट व्हेटरिनरी कोअर, आणि इंदूर-बडोद्यासारख्या शहरांतील श्वान-मार्जारांचे दवाखाने. वाटा पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणतीही हलकी नाही. परंतु मला जी ठाऊक आहे ती गोठ्याची वाट, म्हणून तिच्याविषयीच बोलतो.

आमच्या आधीच्या पिढीतील पशुवैद्याचे आयुष्य साथींच्या मागे धावण्यात गेले. बुळकांडी गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या होत. लसीच्या बळावर ती हटली. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लाळ-खुरकूत, घटसर्प अजून आहेत, आणि २०२२ मध्ये लंपीने पुष्कळांची झोप उडविली. तथापि हल्ली खेड्यातील डॉक्टराचा बहुतेक दिवस निराळ्याच तक्रारींत जातो. गाय उलटते, म्हैस माजावर येत नाही, वार अडकली, कासेस सूज आली. ह्या तक्रारींत जनावर सहसा मरत नाही, पण घरधन्याचे गणित मरते. भाकड म्हशीस वर्षभर वैरण घालणे म्हणजे काय, हे पुस्तकात नसते. म्हणून अखेरच्या वर्षात गर्भतपासणीचा हात जितका बसेल तितका बसवून घ्यावा. त्या हातावर पुढे पोट भरते.

मी पदवी घेतली तेव्हा भरती बंद होती. महूपासून काही कोसांवरील एका गावात, दूध संकलन केंद्राच्या शेजारी खोली घेऊन बसलो. पहिले तीन महिने मला बोलावणे येई ते सर्वांत शेवटी. आधी नवस, मग घरगुती काढा, मग सायकलवरून सुई घेऊन फिरणारा एक अनधिकृत गृहस्थ, आणि त्यानंतर मी. त्या गृहस्थाचा मला फार राग येई. पुढे ध्यानी आले की तो रात्री दोन वाजता येतो, पैशांसाठी दुधाच्या चुकाऱ्यापर्यंत थांबतो, आणि प्रत्येक घरातील जनावरांचा इतिहास त्याला तोंडपाठ असतो. त्याची औषधे चुकीची होती, ह्या तीन गोष्टी नव्हत्या. मी त्या उचलल्या. वही घातली, कोणती गाय केव्हा भरविली, केव्हा व्याली, काय दिले, सारे लिहू लागलो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास मला अजूनही संकोच वाटतो, आणि त्या तरुणाला मी नेमकी तीच प्रथम सांगितली.

एका थंडीच्या रात्री बोलावणे आले. संकरित गाय, तिसऱ्या दिवसाची बाळंतीण, उठत नव्हती. मान बरगडीकडे वळलेली, कान गार. दुग्धज्वर. विण्यानंतर दुधावाटे कॅल्शियम एकदम जाते आणि रक्तातील त्याचे प्रमाण घसरते. शिरेतून कॅल्शियम दिले की तासाभरात गाय उभी राहते. नव्या डॉक्टराचे नाव करणारा असा दुसरा रोग नाही. पण ते औषध थेंबाथेंबाने, हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय थांबते. हे मी परीक्षेत लिहिले होते. त्या रात्री हात गारठलेले, भोवती माणसांचा गलका. मी बाटली उंच धरली आणि धार मोकळी सोडली. गाय एकदा हंबरली आणि गेली.

मालक म्हणाला, "देरी हो गई, साब." मला सुटकेची वाट त्याने स्वतःच करून दिली होती. मी ती घेतली असती तर कोणास कळले नसते. मी म्हणालो, उशीर झाला नव्हता. औषध मी फार वेगाने दिले. तो काही बोलला नाही. तीन दिवसांची कालवड कोपऱ्यात ओरडत होती.

सहा वर्षे त्याने मला बोलाविले नाही. गावातील इतरांनी बोलाविले, आणि आश्चर्य असे की पूर्वीपेक्षा अधिक. 'हा चुकला तर सांगतो' असे कोणी म्हणाल्याचे कानी आले. ती स्तुती होती की इशारा, हे मला अद्याप उलगडलेले नाही. नव्या पशुवैद्यास हेच सांगावेसे वाटते की गिऱ्हाइकाचा विश्वास बरे झालेल्या जनावरांवर जेवढा उभा राहतो, तेवढाच मेलेल्या जनावराविषयी आपण काय बोललो ह्यावरही. परंतु त्याची किंमत द्यावी लागते. माझे एक घर सहा वर्षे तुटले.

त्या कालवडीची पुढे गाय झाली. तिच्या तिसऱ्या वेताला, मध्यरात्री, तोच मनुष्य माझ्या दारी आला. गाय बसली होती, मान बरगडीकडे. मी बाटली काढली तेव्हा तो हलकेच म्हणाला, "अब के जरा धीरे, डाक्टर साब."

बाटली रिकामी व्हावयास वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ विजेरी धरून तो माझ्या शेजारी बसून राहिला.