शंकुशंखाचे विष

हरिहरेश्वरी ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेची वाट मोकळी झाली, की खडकांच्या कपारींतून जे नानाविध शंख दृष्टीस पडतात, त्यांत शंकूच्या आकाराचा, नक्षीदार असा एखादा आढळल्यास तो उचलण्याचा मोह आवरावा. कारण ज्यांच्या काही जातींची वस्ती आपल्या कोकणच्या सागरातही आहे, ते शंकुशंख सारेच विषारी शिकारी होत. दिवसा बहुधा वाळूत दडून रात्री बाहेर पडणारा हा मंदगती जीव पाण्यातून भक्ष्याचा गंध घेतो, आपली सोंड हलकेच त्याच्याजवळ नेतो आणि तिच्या टोकाशी सज्ज ठेवलेला पोकळ, काटेरी दात भाल्यासारखा खुपसून क्षणार्धात विष भिनवतो. तो दात एकदाच कामी येतो, पुढच्या शिकारीस नवा. बहुतेक जाती सागरी कृमींवर जगतात, काही इतर शंख खातात, थोड्या मात्र सबंध मासा गिळतात. यांतल्या ‘जिऑग्राफस’ नामक जातीच्या दंशाने माणसेही दगावली आहेत, आणि तिच्या विषावर उतारा नाही. तथापि ‘मॅगस’ जातीच्या विषातील द्रव्याच्या धर्तीवर सिद्ध केलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामक औषधास २००४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जिवंत शंकुशंख हाती वा खिशात घेऊ नये. दंश झालाच, तर विनाविलंब इस्पितळ गाठावे.