अर्भकमृत्यूचे आकडे आणि त्यांची पारख

बालमृत्युदर हा राज्यकारभाराचा आरसा आहे, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. विधान खरे आहे. परंतु आरसा स्वच्छ आहे की नाही, हे पाहण्याची तसदी सत्ताधारी घेत नाहीत आणि विरोधकही घेत नाहीत. आकडा उतरला की एक पक्ष पाठ थोपटून घेतो, चढला की दुसरा निवेदन काढतो. आकडा आला कोठून, हे कोणीच विचारीत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा भारतात १९६९ साली झाला. तरीही गरिबांच्या वस्त्यांतील अनेक अर्भकांचा मृत्यू दप्तरात पोचत नाही. म्हणून कुटुंब पाहण्यांचा आधार घ्यावा लागतो. त्यांतील प्रमुख म्हणजे १९९२-९३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रीला तिच्या प्रत्येक अपत्याचा जन्म केव्हा झाला, ते हयात आहे काय, नसल्यास किती वयाचे असताना गेले, हे विचारले जाते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि हजार जन्मांमागे ३५ अर्भकमृत्यू असा दर निघाला.

हा सारा डोलारा मातेच्या स्मरणावर आणि प्रगणकाच्या सचोटीवर उभा आहे. पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या मुलाचा उल्लेख परक्या माणसापुढे करणे मातेला जड जाते. कधी ते मूल मृतजात म्हणून लिहिले जाते. दहाव्या-अकराव्या महिन्यात गेलेले मूल ‘वर्षाचे होते’ असे सांगितले की ते अर्भकमृत्यूच्या व्याख्येतूनच बाहेर पडते. अलीकडच्या अपत्यांविषयी प्रश्नांची लांबलचक यादी असते. ती टाळण्यासाठी थकलेला प्रगणक जन्मवर्ष मागे ढकलतो. आणि जी माता स्वतःच मरण पावली, तिच्या मुलाविषयी कोणाला विचारणार?

या चुका एकमेकींना छेदून नाहीशा होत नाहीत. बहुतेक चुका मृत्यू कमी दाखवण्याकडेच झुकतात. जेथे दारिद्र्य आणि निरक्षरता अधिक, तेथे हे झुकणेही अधिक असण्याचा संभव असतो.

तथापि, पारख करण्याची साधने आहेत. अर्भकमृत्यूंपैकी पहिल्या महिन्यातील किती, हे पाहावे. दर घटत जातो तसतसा हा वाटा वाढावयास हवा. पहिल्या पाहणीत तो सुमारे ६२ टक्के होता, पाचव्या पाहणीत सुमारे ७१ टक्के झाला. ही दिशा सुसंगत आहे. एखाद्या प्रदेशात दर घटूनही हा वाटा उतरला, तर नवजात बालकांचे मृत्यू गळाले असावेत, अशी शंका घ्यावी. बाराव्या महिन्यावर मृत्यूंचा ढीग दिसतो काय, प्रश्नांची यादी जेथून सुरू होते त्या वर्षी जन्म एकाएकी घटतात काय, हेही तपासावे.

नमुन्याचा आकारही विसरता कामा नये. एखाद्या जिल्ह्यात हजार जन्म नोंदले गेले आणि त्यांत ३० मृत्यू आढळले, तर केवळ योगायोगाने तो आकडा १९ ते ४१ यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो. अशा आकड्यांवरून दोन जिल्ह्यांची क्रमवारी लावणे म्हणजे निव्वळ धूळफेक होय.

महाराष्ट्राचेच पाहा. या पाहणीनुसार राज्याचा अर्भकमृत्युदर २०१५-१६ मध्ये २४ आणि २०१९-२१ मध्ये २३ होता. म्हणजे जवळजवळ स्थिर. नमुना नोंदणी योजनेत मात्र तो २०१५ मधील २१ वरून २०१९ मध्ये १७ वर आला. पाहणीचा दर मागील पाच वर्षांचा असतो, म्हणून त्याची तुलना २०१७ च्या १९ या आकड्याशी करणे न्याय्य. तरीही अंतर उरतेच. नोंदणी योजनेत प्रगणकाची वर्षभराची नोंद आणि दर सहा महिन्यांची स्वतंत्र पाहणी ताडून पाहिली जाते. पाहणीत केवळ स्मरण असते. सोयीचा तेवढा आकडा उचलणे हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

दुसरा मार्गही याच राज्याने दाखविला आहे. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव स्वतः मोजणी करून २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्यातून उघड झाले आणि शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमावी लागली.

कार्यकर्त्यांनी यातून एक बोध घ्यावा. ज्या गावची अंगणवाडी सेविका अधिक मृत्यू नोंदवते, तिला जाब विचारण्याची मागणी कधीही करू नये. तिला शिक्षा झाली की शेजारची सेविका गप्प बसते. आकडा सुधारतो आणि मुले मरतच राहतात. मागणी करावयाची ती प्रत्येक मृत्यूच्या नोंदीची, पाहण्यांच्या तपासण्या जाहीर करण्याची आणि दवाखान्याची. जे मूल मोजलेच गेले नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.