सातासमुद्रापलीकडचे बाळंतपण



आजचा विषय घरगुती आहे आणि म्हणूनच तो व्यासपीठावर क्वचित येतो. परदेशस्थ हिंदूंविषयी बोलताना आपण तेथील मंदिरांचा, मंडळांचा, नावारूपाला आलेल्या शास्त्रज्ञांचा आणि उद्योजकांचा गौरव करतो. तो रास्तच आहे. परंतु न्यू जर्सीतील एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटमध्ये, दोन खोल्यांच्या घरात, सातवा महिना लागलेली आणि पायात घोटाळणारे अडीच वर्षांचे मूल सांभाळणारी मराठी लेक आपला दिवस कसा काढते, याचा विचार त्या गौरवात कोठे नसतो. आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांत असे एखादे घर प्रत्येक गल्लीत सापडेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. ‘पाश्चात्त्यांची कुटुंबव्यवस्था कोसळली’ हे टाळी घेणारे वाक्य उच्चारून या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्या मुलीला तेथे वैद्यकीय सोयींची ददात नसते. प्रसूतिगृहात पती शेजारी उभा असतो, परिचारिका प्रत्येक गोष्ट समजावून सांगतात, बाळ मोटारीतील त्याच्या स्वतंत्र आसनात नीट बसविल्यावरच घरी जायचे ही दक्षता असते. आपल्याकडील अनेक रुग्णालयांनी घ्यावा असा हा धडा आहे. उणीव असते ती माणसांची. 1996 च्या अमेरिकी कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातले, ते असे की प्रसूतीचा विमा असेल तर नैसर्गिक प्रसूतीनंतर निदान 48 तास आणि शस्त्रक्रियेनंतर 96 तास रुग्णालयातील वास्तव्य नाकारता येणार नाही. म्हणजे दोन रात्रींसाठीसुद्धा कायदा करावा लागला! आपल्याकडे जिला सव्वा महिना पाण्यात हात घालू देत नाहीत, ती तेथे आठवड्याच्या आत बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे तपासणीसाठी निघालेली असते.

रजेची कथाही अशीच. 1993 च्या केंद्रीय कायद्याने तेथे 12 आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. आणि तीही वर्षभर नोकरी झालेली असेल, आस्थापना पुरेशी मोठी असेल तर. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी आपल्यापुरती पगारी रजेची सोय केली आहे. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली. पतीच्या व्हिसावर अवलंबून गेलेल्या मुलींचा प्रश्न तर निराळाच. 2015 पर्यंत त्यांतील बहुतेकींना तेथे नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्या वर्षी ती मिळाली, पण ज्यांच्या पतीचे कायम वास्तव्याचे प्रकरण पुढे सरकले आहे अशांनाच. अभियंता झालेली मुलगी घरात बसते आणि ‘तुला काय काम असते?’ हा प्रश्न इथून दूरध्वनीवर विचारला जातो. निदान तो प्रश्न तरी आपण विचारू नये.

अशा वेळी माहेरच तिकडे जाते. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवितो आणि बहुधा ते सहा महिने असतात. त्या सहा महिन्यांच्या पेटीत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी असा सगळा बाळंतविडा भरला जातो. (खाद्यपदार्थ असल्याचे सीमाशुल्काच्या अर्जावर न लाजता लिहावे, लपविण्यात धोका आहे.) स्वतःची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे मात्र अनेकदा विसरली जातात. प्रवासी विमा जुन्या दुखण्यांचा खर्च सहसा देत नाही, हे ध्यानात ठेवून ती सहा महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

खरी परीक्षा तेथे पोहोचल्यावर होते. आजी बाळाला मध चाटवू पाहते. डॉक्टरांनी एक वर्षाच्या आत मध वर्ज्य सांगितलेला असतो, कारण त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आजी काजळ घालू पाहते. काजळात शिसे आढळते म्हणून तेथील अन्न व औषध प्रशासनाला ते मान्य नाही. आजी बाळाला कुशीत घेऊन निजू पाहते. तेथील बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ आईच्या खोलीत असावे, पण वेगळ्या पाळण्यात आणि पाठीवर. ओव्याची धुरी द्यावी तर छतावरचे यंत्र किंचाळू लागते आणि सारी इमारत जिना उतरून खाली येते. बारसे बाराव्या दिवशी ठरलेले असते, पण रुग्णालयात जन्मदाखल्याच्या अर्जासाठी नाव दुसऱ्याच दिवशी मागतात. या प्रत्येक वेळी आजीला वाटते, आपला अनुभव मोडीत निघाला. मुलीला वाटते, आई ऐकत नाही. दोघी आतल्या आत कुढतात.

येथे विवेक लागतो. परंपरा म्हणजे मधाचे बोट आणि काजळाची तीट एवढीच नव्हे. चरकाच्या शारीरस्थानात गर्भिणीचा आहार आणि परिचर्या महिन्यागणिक सांगितली आहे, सूतिकागृह कसे असावे हेही सांगितले आहे. या साऱ्या तपशिलामागे एक जाण दिसते, ती ही की या काळात स्त्रीला एकटे सोडायचे नाही. ते सूत्र धरून ठेवणारी आजी काजळाची डबी खुशाल घरी ठेवून जाऊ शकते. तेलाने अंग चोळणे, गरम वरण-भात, दोन तास बाळ घेऊन मुलीला निर्धास्त झोपू देणे, याला कोणत्याही डॉक्टरची हरकत नाही.

याहून गंभीर बाब मनाची. प्रसूतीनंतरची उदासी तेथे प्रश्नावलीने तपासतात. 1987 मध्ये एडिनबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची यादी त्यासाठी अनेक देशांत वापरली जाते. आपल्या मुली ती भरतात आणि सारे ठीक असल्याची खूण करतात. घरची अडचण परक्यासमोर मांडू नये, हा संस्कार येथे घातक ठरतो. मुलगी बाळाकडे पाहत नसेल, जेवत नसेल, ‘माझ्याने होणार नाही’ असे वारंवार म्हणत असेल, तर ‘आम्ही नाही का चार-चार बाळंतपणे काढली?’ हे उत्तर नव्हे. तिला डॉक्टरांकडे न्यावे. तिच्या पतीलाही त्याच दिवशी सांगावे. त्या चार बाळंतपणांत घरात किती हात राबत होते, तेही आठवून पाहावे.

आणि थोरले मूल? अडीच वर्षांच्या त्या जीवाचे राज्य एका रात्रीत गेलेले असते. पाळणाघरात इंग्रजी, घरात मराठी, आई बाळाजवळ आणि बाबा कार्यालयात. ते हट्ट करते, बोलायचे कमी होते. मग एखादा हितचिंतक सुचवितो की घरातही इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते. हा समज निराधार आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, हे वाचातज्ज्ञ आता निःसंदिग्धपणे सांगतात. बोलणे खरोखरच मागे पडले असेल तर तपासणी जरूर करावी. मराठी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पुढे मराठी शाळा भेटेल, बालगोकुलम् भेटेल, परंतु या वयात भाषा येते ती आजीच्या मांडीवर, घास भरवताना. म्हणून बाळंतपणाला गेलेल्या आजोबांनी दूरदर्शनसंचापुढे न बसता थोरल्या नातवंडाचा ताबा घ्यावा. रोज बागेत न्यावे, खारी दाखवाव्यात, चिऊ-काऊची गोष्ट शंभरदा सांगावी. बाळंतपणातले अर्धे काम तेथेच होते.

अलीकडे अनेक कुटुंबांत व्याही-विहिणी वेळापत्रक जुळवितात. आधीचे सहा महिने मुलीचे आईवडील, पुढचे सहा मुलाचे. एकेकाळी मानपानावरून रुसणारी ही दोन घरे आता कोणत्या डब्यात कोणते पीठ आहे, याची यादी एकमेकांना देऊन विमानात बसतात. हा बदल आपण कौतुकाने पाहावा. पण ज्यांचे आईवडील आजारी आहेत, ज्यांना व्हिसा नाकारला गेला, त्या मुलींचे काय? तेथे स्थानिक हिंदू कुटुंबांनी पुढे यावयास हवे. पंधरा घरे असतील, तर प्रत्येकाने पंधरवड्यातून एक डबा द्यावा, थोरल्याला दोन तास आपल्या घरी न्यावे. पती असेल त्याने कार्यालयातून रजा मागताना संकोचू नये आणि स्वयंपाकघरात पाहुण्यासारखे वागू नये.

इकडच्या कार्यकर्त्यांनाही काम आहे. आपल्या वस्तीतील कोणाची मुलगी कोणत्या गावी, कितव्या महिन्यात आहे, हे घरभेटीत सहज कळते. त्या गावातील एखादे परिचित कुटुंब शोधून दोन्हीकडे दूरध्वनी क्रमांक पोहोचवावेत, आणि तेही सातव्या महिन्यापूर्वी. कारण थोरल्याला त्या नव्या मावशीच्या घरी रुळायलाही थोडे दिवस लागतात.