जेवण आणि तोंडाचा चाळा



मी भाषेचा अध्यापक. म्हणून आहाराचा विचारही शब्दांवरूनच करतो. 'जेवणे' आणि 'खाणे' यांत भेद आहे. जेवणाला वेळ, ताट आणि शेवट असतो. येताजाता खाण्याला यांपैकी काहीच नसते. त्याला आपण 'चरणे' म्हणतो.

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी प्रसृत केलेली आहारपद्धती याच भेदावर उभी आहे. भुकेच्या दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये. खाण्यासरशी शरीरात इन्शुलिन स्रवते, हे तिचे कारण. मात्र वाढत्या वयाच्या मुलांनी तिचे अनुकरण करू नये; मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांसाठी आपल्या पेडण्याची रीत पुरेशी आहे. उकड्या तांदळाची पेज ठरल्या वेळी पोटभर घेऊन शेतकरी पुन्हा कामाला लागे. दुपारच्या जेवणापर्यंत त्याला दुसरे काही लागत नसे. आज दप्तरात पाकिटे असतात आणि ताट उष्टे राहते. विद्यार्थिमित्रहो, पाकिटाकडे हात जाईल तेव्हा स्वतःस एवढेच विचारा: ही भूक, की तोंडाचा चाळा? भूक असेल, तर बसून जेवा.