कान लावून उडताना

घरच्या संगणकावर विमान उडवणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांतलाच मी एक. आमच्यात वाद रंगतात ते बहुधा चित्रावरून. ढग खरे वाटतात का, धावपट्टी हुबेहूब आहे का, वगैरे. मी मात्र विमानाची परीक्षा डोळे मिटून करतो.

सेस्ना १७२ हे चार आसनांचं छोटं विमान घ्या. जगभरच्या असंख्य वैमानिकांनी पहिले धडे गिरवले ते याच्यावर. वेग फार कमी होऊन पंखांची उचल संपत आली, की त्यात एक भोंगा वाजतो. गंमत म्हणजे त्याला वीज लागत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. धोका जवळ आला की तिथला हवेचा दाब घटतो, नळीतून हवा ओढली जाते आणि भोंग्यातली पत्ती वाजू लागते. आपल्या पेटीच्या सुरासारखंच म्हणा ना! उड्डाणाआधी त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची आणि भोंगा वाजतो का ते पाहायचं, अशी तपासणीची रीतच आहे. हवेवर चालणारा हा आवाज आधी बारीक कण्हतो, मग चढत जातो. सुमार सिम्युलेटरमध्ये तो दारावरच्या घंटीसारखा एकदम वाजतो नि एकदम थांबतो. मधले मोलाचे क्षण गळून जातात.

मोठ्या जेट विमानात उलटी तऱ्हा. सिम्युलेटरवाल्यांना इंजिनाची गर्जना फार प्रिय. पण बोइंग ७३७ची इंजिनं कॉकपिटच्या बरीच मागे, पंखांखाली. उंचावर वैमानिकाच्या कानी येतो तो मुख्यतः नाकावरून सुसाटणारा वारा. मध्येच ट्रिमचं चाक खडखडत फिरतं. त्या चाकाची खडखड म्हणजे शेपटीकडचा एक भाग हलल्याची वर्दी असते. गर्जनेत ती बुडाली, तर खरेपणा कसला?

याच जातीच्या विमानातल्या एका भोंग्याची कथा दुःखद आहे. १४ ऑगस्ट २००५. हेलिओस कंपनीचं ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. आतला हवेचा दाब राखणारी यंत्रणा स्वयंचलित स्थितीत नव्हती. विमान चढत असताना इशाऱ्याचा भोंगा वाजला. पण दाब कमी झाल्याचा इशारा आणि धावपट्टीवर उड्डाणाची मांडणी चुकल्याचा इशारा, या दोहोंना आवाज एकच! दुसरा इशारा फक्त जमिनीवर वाजतो. तरी वैमानिकांनी तोच समजला. प्राणवायूअभावी त्यांची शुद्ध हरपली. विमान ग्रीसमध्ये कोसळलं आणि सर्व १२१ जण दगावले. पुढे अशा विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसवले गेले.

म्हणून त्या काळचं ७३७ संगणकावर आणणाऱ्याने सोयीसाठी दोन भोंगे वेगवेगळे करू नयेत, असं मला वाटतं. जमिनीवर आणि आकाशात तोच, तितकाच कर्कश वाजला पाहिजे. आमच्याकडे तो वाजला की घरची मंडळी माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतात. आवाज मात्र मी कमी करत नाही.